स्वस्त ॲम्प, स्वस्त पेडल आणि खारी हवा: सराव खोलीसाठी केलेल्या निवडीच्या नोंदी

१२ मे २०२४

मंडळाच्या कालच्या बैठकीत सराव खोलीसाठी इलेक्ट्रिक गिटारचे साहित्य घेण्याचा विषय एकदाचा मार्गी लागला आणि त्यासाठी २५,००० रुपये बाजूला काढण्यात आले. वेंगुर्ल्यात बंदराच्या बाजूला असलेल्या या खोलीत भजनी मंडळी, गणेशोत्सवातला वाद्यवृंद आणि चर्चच्या गायनवृंदातील तरुण असे तिघेही आळीपाळीने सराव करतात. त्यामुळे जे घ्यायचे ते तिघांच्याही उपयोगी पडावे, टेम्पोत घालून नेले तरी टिकावे आणि बिघडलेच तर इथल्या इथे दुरुस्त व्हावे, अशी अपेक्षा आहे. खोलीची वीजजोडणी आणि ध्वनियंत्रणा मीच पाहत असल्याने निवड, चाचणी आणि नोंदी हे तिन्ही माझ्याकडे आले. खजिनदारकाकांची अट एकच आहे: प्रत्येक खर्चामागचे कारण लिहिलेले हवे, म्हणजे पुढच्या वर्षी कोणी विचारले तर वही पुढे करता येईल.

बैठकीत दोन तट पडले होते. ज्येष्ठांच्या मते स्वस्त वस्तू दोनदा घ्यावी लागते, तेव्हा वर्षभर थांबून एकच चांगला ॲम्प, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारी स्पीकरसह पेटी, घ्यावा. तरुणांच्या मते हल्ली स्वस्त पेडल (गिटार आणि ॲम्प यांच्यामध्ये जोडायची, आवाजाचे रूप बदलणारी छोटी पेटी) आणि ॲम्पही पुरेसे चांगले मिळतात, मग थांबायचे कशाला? दोन्ही बाजूंनी ॲम्प आणि पेडल यांना एकाच मापाने मोजले, ते मला पटले नाही. म्हणून आधी हातात आहे त्यावर ऐकून पाहायचे आणि मगच पैसे काढायचे ठरवले आहे.

१५ मे २०२४

भजनासाठी खोलीत लाउडस्पीकरचा ॲम्प्लिफायर, दोन कॉलम (स्पीकरचे उभे खांब) आणि बाहेर लावायचे भोंगे आधीपासून आहेत. गिटारची केबल थेट त्याच्या माइकच्या सॉकेटात लावून ऐकली. आवाज भरपूर होता, पण घोंगडी पांघरून वाजवल्यासारखा. खजिनदारकाका दारात उभे राहून म्हणाले, "आवाज इलो, पण गिटार खंय गेली?" त्यांचे निरीक्षण अचूक होते आणि त्याचे कारण सरळ आहे. गिटारच्या पिकअपमध्ये, म्हणजे तारांची कंपने विजेच्या संकेतात बदलणाऱ्या भागात, बारीक तारेचे हजारो वेढे असतात आणि त्यातून येणारा संकेत इतका नाजूक असतो, की पुढच्या यंत्राने त्याच्यावर जवळजवळ भारच टाकता कामा नये. म्हणून गिटारच्या ॲम्पचा इनपुट साधारण १० लाख ओहमचा ठेवतात. माइकचा इनपुट काही हजार ओहमचा असतो, त्यामुळे सूक्ष्म, वरचे स्वर तिथेच विरतात.

त्यानंतर एका तरुणाने स्वतःचे डिस्टॉर्शन पेडल (आवाज मुद्दाम फाटका करणारे) मध्ये लावले. गिटार परत आली, पण सोबत कानाला टोचणारी चरचरही आली, आणि तिचा दोष पेडलकडे जात नाही. गिटारसाठी बनवलेला बारा इंची स्पीकर ५,००० हर्ट्‌झच्या वर झपाट्याने उतरतो आणि डिस्टॉर्शनची सारी बोचरी किनार आपोआप कापतो. भाषणासाठी बनवलेला कॉलम आणि भोंगा नेमकी तीच किनार पुढे फेकतो. म्हणजे गिटारचा स्पीकर हाही वाद्याचाच एक भाग आहे. नुसता आवाज मोठा करणारे यंत्र म्हणून त्याच्याकडे पाहिले तर सगळा हिशेब चुकतो.

२० मे २०२४

आजचा दिवस पेडल उघडण्यात गेला, आणि माझ्या मते या प्रकल्पातला सर्वांत उपयुक्त दिवस हाच ठरणार आहे.

ओव्हरड्राइव्ह, म्हणजे आवाज मुद्दाम थोडा फाटू देणाऱ्या, पेडलांत ज्याचे अनुकरण सर्वाधिक झाले ते आयबानेझ कंपनीचे ट्यूब स्क्रीमर. त्याचा टीएस-८०८ हा नमुना १९७० च्या दशकाच्या अखेरीस आला आणि १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला टीएस-९ ने त्याची जागा घेतली. कुडाळच्या एका वादकाकडून मूळ टीएस-९ मागून आणले आणि त्याच धर्तीवरचे जोयो कंपनीचे व्हिंटेज ओव्हरड्राइव्ह २,९०० रुपयांना विकत घेतले. दोन्हींची तळाची झाकणे काढून टेबलावर शेजारी शेजारी ठेवली.

या मंडलात (सर्किटमध्ये) फारसे काही गूढ नाही. ४५५८ या जातीची आठ पायांची एक आयसी, तिच्या फीडबॅकच्या वाटेत उलटसुलट जोडलेले डायोड, ड्राइव्हसाठी ५०० किलोओहमचे, टोनसाठी २० किलोओहमचे आणि लेव्हलसाठी १०० किलोओहमचे पोटेन्शिओमीटर (फिरवून कमीजास्त करायचे रेझिस्टर), काही ट्रान्झिस्टर आणि मूठभर रेझिस्टर-कपॅसिटर, एवढाच ऐवज आहे. आयसीच्या एका पायाशी ४.७ किलोओहमचा रेझिस्टर आणि ०.०४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असतो. त्यांचे गणित मांडले तर ७२० हर्ट्‌झ येतात, आणि त्याखालच्या स्वरांना हे पेडल उत्तरोत्तर कमी चढवते. बहुतेक पेडल जाड तारांवर गढूळ होतात, हे होत नाही, त्यामागचे मुख्य कारण हेच. टीएस-८०८ आणि टीएस-९ यांच्यातला फरक तर आउटपुटजवळच्या दोन रेझिस्टरांपुरता आहे: पहिल्यात १०० ओहम आणि १० किलोओहम, दुसऱ्यात ४७० ओहम आणि १०० किलोओहम. जुन्या नमुन्यासाठी संग्राहक जी किंमत मोजतात, तिच्यातला बराच भाग या दोन रेझिस्टरांवर तोललेला आहे, हे एकदा डोळ्यांनी पाहिले की डोके शांत होते.

मग ऐकण्याची चाचणी घेतली. वाजवणारा पडद्यामागे बसला, ऐकणारे बाहेर. दोन्ही पेडलांचे फिरवायचे खटके (नॉब) एकाच कोनात ठेवले तेव्हा फरक स्पष्ट कळत होता. पण तो पोटेन्शिओमीटरच्या चढाचा फरक होता, कारण एकाचे अर्धे फिरणे म्हणजे दुसऱ्याचे अर्धे फिरणे नव्हे. कोन विसरून कानाने आवाज जुळवला तेव्हा कोणते पेडल चालू आहे हे कोणालाही खात्रीने सांगता आले नाही. मूळ पेडलच्या मालकालाही नाही, आणि ते त्यांनी मोकळेपणाने मान्य केले.

मग पैसे जातात कुठे? महाग पेडलमध्ये जॅक, म्हणजे केबल खोचायची सॉकेट, पेटीच्या भिंतीला नटाने आवळलेले आणि तारांनी जोडलेले असतात, त्यामुळे केबलला बसणारा हिसका पेटी सोसते. अगदी स्वस्त पेडलांत अनेकदा प्लास्टिकचा जॅक थेट सर्किट बोर्डावर डाखलेला असतो आणि प्रत्येक हिसका डाखाला बसतो. खटक्यांचेही तसेच आहे. म्हणजे पेडलमध्ये आवाज स्वस्त असतो आणि टिकाऊपणा महाग. आणि टिकाऊपणाचा हा भाग सोल्डर गन हातात धरता येणाऱ्या माणसाला बऱ्याच अंशी नंतरही भरून काढता येतो.

२६ मे २०२४

ॲम्प आणण्याआधी अर्थिंग तपासून घेतले. गिटारच्या तारा ॲम्पच्या अर्थला जोडलेल्या असतात. ॲम्पला अर्थच नसेल आणि वाजवणाऱ्याचे ओठ दुसऱ्या यंत्राला जोडलेल्या माइकला लागले, तर बसणारा झटका क्वचित जीवघेणाही ठरू शकतो. आपल्याकडे जुन्या घरांत तीन पिनांचे सॉकेट दिसते, पण तिसऱ्या भोकामागे तारच नसते, हे मी अनेक ठिकाणी पाहिले आहे.

इथे तार होती, पण मे महिन्यात जांभा दगड कोरडा ठणठणीत असतो आणि खड्ड्यातली जुनी मीठ-कोळशाची भरणीही सुकून गेली होती. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात मीटरवर बरेच व्होल्ट दिसत होते. खड्डा उकरून नवी भरणी केली, पाणी मुरवले आणि मुख्य स्विचपाशी ३० मिलीॲम्पिअरचा गळतीरोधक ब्रेकर बसवला. एकूण खर्च २,००० रुपये झाला. हा खर्च गिटारच्या खात्यात का, असे बैठकीत विचारले जाईल. उत्तर असे, की गिटारमधून येणारी घरघर अनेकदा पेडलच्या माथी मारली जाते आणि ती भिंतीतून येत असते.

४ जून २०२४

ॲम्प आला. एका प्रसिद्ध परदेशी नावाचा, १० वॅटचा, सहा इंची स्पीकरचा नवशिक्यांसाठीचा नमुना ७,५०० रुपयांना पडला. त्याच दर्जाचे आणखी दोन ॲम्प सावंतवाडी आणि कुडाळ येथील ओळखीच्यांकडून दोन दिवसांसाठी आणले आणि तिन्ही एकत्र ऐकले.

निरीक्षण तिन्हींबाबत जवळपास सारखेच आहे. घरात एकट्याने, हळू आवाजात, बोटे बसवण्यासाठी हे ॲम्प उत्तम आहेत आणि हेडफोनची सोय असल्याने शेजाऱ्यांचीही तक्रार राहत नाही. ढोलकी किंवा तबला सुरू झाला की मात्र आवाज वाढवावा लागतो आणि लगेच पेटी बोलू लागते: जाड तार छेडली की बुडबुड येते, पातळ तार किणकिणते, मधला भरीव स्वर सापडतच नाही. गिटारची सर्वांत जाड तार ८२ हर्ट्‌झवर बोलते, आणि स्पीकरच्या एवढ्या लहान कागदाला, एवढ्या लहान पेटीत, तो स्वर पुरेशा जोराने हलवता येत नाही.

वॅटचा आकडा इथे सर्वांत जास्त फसवतो. वॅट दहापट झाले तर आवाज कानाला साधारण दुप्पट वाटतो. दुप्पट केले तर वाढ केवळ ३ डेसिबलची असते. त्याउलट स्पीकरची संवेदनक्षमता, म्हणजे १ वॅटला १ मीटरवर तो किती आवाज देतो हा आकडा, सारे चित्र पालटतो. अशा छोट्या स्पीकरचा हा आकडा ९० डेसिबलच्या आसपास असतो. सेलेस्टियन कंपनीचा बारा इंची ग्रीनबॅक ९८ डेसिबलचा आहे आणि त्याच कंपनीचा व्हिंटेज ३० हा १०० डेसिबलचा. त्यामुळे व्हिंटेज ३० ला दिलेला १ वॅट आणि या छोट्या स्पीकरला दिलेले १० वॅट हे आवाजाच्या मोजणीत जवळजवळ सारखेच ठरतात. दुकानदार मात्र वॅट सांगतो, कारण गिऱ्हाईक वॅटच विचारते.

पेडलशी तुलना केली तर मुद्दा लख्ख होतो. पेडलमध्ये लागणारे सुटे भाग काही रुपयांचे असतात, म्हणून तिथे किंमत कमी करूनही आवाज तोच राखता येतो. ॲम्पमध्ये लोखंडी ट्रान्सफॉर्मर, तांबे, स्पीकरचे चुंबक आणि लाकूड यांना वजनाचे पैसे पडतात, आणि किंमत खाली आणायची तर तेच कमी करावे लागते. स्वस्त पेडल घ्यावे आणि स्वस्त ॲम्प जपून घ्यावा, असा माझा कल इथवरच्या कामावरून झाला आहे.

९ जून २०२४

पाऊस लागला आणि पहिल्याच सरीत वीज गेली. गायनवृंदातल्या एका मुलाकडे झूम कंपनीचे जी-१ फोर हे मल्टी-इफेक्ट, म्हणजे अनेक पेडलांचे काम एकाच पेटीत करणारे यंत्र, आहे. ते चार पेन्सिल सेलांवर चालते, त्यामुळे अंधारातही हेडफोनवर त्याचा सराव चालू राहिला. त्यातले सगळे इफेक्ट कोणी वापरत नाही, आणि बारीक पडद्यावर मेनू शोधताना गाण्याचे एक कडवे निघून जाते. पण ज्याला एकाच खरेदीत सगळे चाखून पाहायचे आहे त्याच्यासाठी सुरुवातीला सुटी पेडल घेण्यापेक्षा हे शहाणपणाचे आहे. मंडळासाठी मात्र सुटी पेडलच बरी, कारण तीन गटांतली माणसे वापरणार आणि तीन खटके कोणालाही शिकवता येतात.

व्हॉल्व्हच्या, म्हणजे काचेच्या नळ्यांवर चालणाऱ्या, स्वस्त ॲम्पचीही चौकशी झाली. व्होल्टेज खालीवर होत असताना, दमट हवेत, आत शेकडो व्होल्टचा पुरवठा असलेली पेटी सार्वजनिक खोलीत ठेवण्यास मी नकार दिला. आवाजाबद्दल वाद नाही.

३० जून २०२४

दमट हवेचा परिणाम अपेक्षेपेक्षा लवकर दिसू लागला. छोट्या ॲम्पची पेटी लाकडाच्या भुशाच्या दाबलेल्या फळीची आहे. वरून काळे रेक्झिन ताणून बसवलेले असले तरी खालच्या बाजूला, रबरी पायांच्या स्क्रूंपाशी, फळी उघडी आहे. तिथून तिने ओल धरली आणि कड बोटाला जाणवेल इतकी फुगली. पायाचा एक स्क्रू आता नुसताच गोल फिरतो. खटके फिरवताना खरखर येते, इनपुट जॅकच्या आतल्या पत्रीवर हिरवट काळपट थर दिसतो.

थर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसला, पोटेन्शिओमीटरमध्ये कॉन्टॅक्ट क्लीनर मारून खटके पुष्कळदा फिरवले, खरखर गेली. पण ही नुसती डागडुजी झाली. इथल्या घरांत बाजाची पेटी आणि तबला पावसाळ्यात कपाटात ठेवून आत मंद दिवा लावण्याची जुनी रीत आहे, तीच पेडलांना लावली. एका बंद कपाटात खाली १५ वॅटचा बल्ब, वरच्या फळीवर पेडल आणि केबल ठेवल्या. सिलिका जेलच्या पुड्याही ठेवल्या आहेत; पण त्या वेळेवर तापवून सुकवल्या नाहीत तर काही दिवसांत निकामी होतात, म्हणून माझा भरवसा दिव्यावर जास्त आहे.

मुलांकडच्या पेडलांपैकी एकाची, नाव नसलेल्या स्वस्त डिलेची (प्रतिध्वनी देणाऱ्या पेडलची), इनपुटची बाजू याच काळात गेली. उघडले तर २० मे रोजी लिहिले तेच: जॅक बोर्डावर, डाख तडकलेला. धातूचा उघडा जॅक आणून पेटीला आवळला, बोर्डापर्यंत तीन छोट्या तारा ओढल्या. सुट्या भागांचा खर्च चहापाण्याइतका झाला आणि पेडल आता मूळच्यापेक्षा मजबूत आहे.

१४ जुलै २०२४

छोट्या ॲम्पचे काय करायचे याचा निर्णय झाला. त्याचे आतले मंडल वाईट नाही. स्वच्छ आवाजाचे चॅनेल तर चांगलेच आहे. कमी आहे ती स्पीकर आणि पेटी यांची, तेव्हा त्या दोन गोष्टी बाहेरून द्यायच्या.

गोव्यात हॉटेलांत आणि लग्नांत वाजवणारे बँड भरपूर, त्यामुळे जुने साहित्य तिथे सापडते. म्हापशाहून गिटारसाठीचाच एक बारा इंची, ८ ओहमचा वापरलेला स्पीकर ४,२०० रुपयांना मिळाला. लाउडस्पीकरवाल्याकडे नवा बारा इंची वूफर त्याहून स्वस्त मिळत होता, तो घेतला नाही. तशा वूफरचा कागद जड असतो आणि तो खालच्या स्वरांसाठी बांधलेला असतो. गिटारच्या स्पीकरचा कागद हलका असतो आणि तो मधल्या स्वरांवर उसळतो.

पेटीसाठी होड्या बांधणाऱ्या सुताराकडे गेलो. आयएस ७१० या मानकाचे १८ मिलिमीटरचे मरीन प्लाय त्याच्याकडे तुकड्यांत शिल्लक होते. त्याने सांधे खाच पाडून जुळवले, डिंक भरला आणि आतबाहेर, विशेषतः कापलेल्या कडांवर, होडीला देतात तो रंग दिला. मी पिशवीतून लोखंडी स्क्रू काढले तेव्हा त्याने ते बाजूला सारले आणि म्हणाला, "लोखंडी हय टिकाचो नाय," आणि स्वतःचे स्टेनलेसचे वापरले. पेटीची पाठ अर्धी उघडी ठेवली आहे, म्हणजे मापांची काटेकोर जुळणी लागत नाही आणि आवाज खोलीभर पसरतो. लाकूड, मजुरी आणि मूठ धरून ३,३०० रुपये झाले.

ॲम्पच्या मागे एक जॅक बसवला, जो लावला की आतला स्पीकर तुटतो आणि बाहेरचा जोडला जातो. असे काम करणाऱ्यांसाठी दोन सूचना लिहून ठेवतो. ट्रान्झिस्टर किंवा आयसीवर चालणाऱ्या ॲम्पला लिहिल्यापेक्षा जास्त ओहमचा स्पीकर चालतो, कमी ओहमचा चालत नाही. व्हॉल्व्हच्या ॲम्पला हा नियम लावू नये, तिथे आकडा जुळवावाच लागतो. दुसरे असे, की काही छोट्या ॲम्पमध्ये स्पीकरची कोणतीच तार अर्थला जोडलेली नसते, म्हणून जॅक प्लास्टिकच्या अंगाचा घ्यावा. धातूचा जॅक पत्र्याला टेकला तर आउटपुटची आयसी जाऊ शकते.

४ ओहमऐवजी ८ ओहम दिल्याने ॲम्पची ताकद जवळपास निम्म्यावर आली. तरीही आवाज आधीपेक्षा स्पष्टपणे मोठा आहे, आणि त्याला अंग आले आहे. ढोलकीवादकांनी पहिल्यांदाच गिटार कमी करायला सांगितली.

४ ऑगस्ट २०२४

आता पुरवठ्याकडे. पेडलांना ९ व्होल्ट डीसी लागतो आणि प्लगच्या मधल्या भागावर ऋण टोक असते. घरातल्या राउटरचे किंवा जुन्या खेळण्याचे ॲडॉप्टर बहुतेक वेळा मध्ये धन टोक देतात, त्यामुळे मिळेल ते ॲडॉप्टर लावण्यास सर्वांना मनाई केली आहे. बाजारातल्या एका अगदी स्वस्त ९ व्होल्ट ॲडॉप्टरवर भार नसताना मीटरने १३ व्होल्टपेक्षा जास्त दाखवले, कारण आत रेग्युलेटरच नव्हता. मोबाइल चार्जरच्या जातीच्या स्वस्त ॲडॉप्टरवर ओव्हरड्राइव्ह ठीक चालते, पण त्याच तारेवर डिलेही जोडले की शिट्टीसारखा बारीक आवाज येतो. डिलेच्या आतले घड्याळ ठेक्याने करंट ओढते आणि सामाईक अर्थच्या तारेवरून ती स्पंदने ओव्हरड्राइव्हमध्ये शिरतात. ओव्हरड्राइव्ह त्यांना वाद्याइतक्याच निष्ठेने चढवते.

म्हणून पुरवठा घरीच बांधला. डिलेसाठी एक आणि ॲनालॉग पेडलांसाठी एक असे दोन स्वतंत्र ट्रान्सफॉर्मर, प्रत्येकावर एसीचा डीसी करणारा ब्रिज, कपॅसिटर आणि व्होल्टेज ९ वर स्थिर धरणारा ७८०९ रेग्युलेटर. ट्रान्सफॉर्मर १२ व्होल्टचा पुरेल असे पुस्तकी गणित सांगते. पण संध्याकाळी इथला पुरवठा २३० वरून १८० व्होल्टपर्यंत उतरलेला मी मीटरवर पाहिला आहे. तेवढ्यावर १२ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर ब्रिजनंतर जेमतेम १२ व्होल्ट डीसी देतो. त्यातून डीसीत उरलेली लहर वजा केली, की ७८०९ ला चालण्यासाठी हवा असलेला सुमारे २ व्होल्टचा वरचा भाग उरत नाही, आणि नेमकी आरतीच्या वेळेला घरघर सुरू होते. १५ व्होल्टचा घेतला तर त्याच पडझडीत १५ व्होल्ट डीसी उरतात. उलट रात्री पुरवठा २५० च्या घरात जातो तेव्हा रेग्युलेटर तापतो, म्हणून त्याला ॲल्युमिनियमचा जाड पत्रा आवळला आहे. खर्च १,१०० रुपये. वीज गेली तर ओव्हरड्राइव्ह साध्या ९ व्होल्टच्या सेलवरही चालते, कारण त्याला मोजके मिलीॲम्पिअर लागतात; मात्र वाजवून झाल्यावर इनपुटची केबल काढावी, कारण ती लावलेली असली की पेडल चालूच राहते.

एवढे केल्यावर शिट्टी पूर्णपणे गेली. पेडलांत पैसे वाचवावेत आणि पुरवठ्यात वाचवू नयेत, हे इथे ठळक लिहून ठेवतो.

१८ ऑगस्ट २०२४

कार्यक्रमात ॲम्पसमोर माइक लावण्याऐवजी गिटार थेट लाउडस्पीकरच्या यंत्रणेत द्यावी, असा तरुणांचा आग्रह होता. न्यूयॉर्कच्या टेक २१ कंपनीने १९८९ मध्ये सॅन्सॲम्प आणला, तेव्हापासून ॲम्प आणि स्पीकर या दोन्हींचे वळण एका छोट्या पेटीत ॲनालॉग मंडलाने देण्याची कल्पना रुळली आहे. जोयोचे अमेरिकन साउंड हे टेक २१ च्याच ब्लाँड पेडलच्या धर्तीवर बेतलेले आहे. ते ३,६०० रुपयांना घेतले आणि १५ मेची चाचणी पुन्हा केली. त्याचा इनपुट गिटारला हवा तसा आहे आणि आउटपुट भक्कम आहे, त्यामुळे मिक्सरच्या लाइन इनपुटात लावल्यावर वरचे स्वर शाबूत राहिले. स्पीकरचे वळण आतच असल्याने कॉलममधूनही चरचर आली नाही. भोंग्यातून मात्र गिटार ऐकवत नाही, तो आरतीलाच ठेवावा.

हे पेडल स्वस्त वस्तूंच्या बाजूने सर्वांत मोठा पुरावा आहे असे मला वाटते, कारण ज्या मंडळाकडे बरी ध्वनियंत्रणा आधीच आहे त्याला ॲम्पची गरजच उरत नाही.

११ सप्टेंबर २०२४

गणपतीतला कार्यक्रम काल रात्री पार पडला. मंचावर वाजवणाऱ्यांना ऐकू येण्यासाठी मरीन प्लायची पेटी, प्रेक्षकांसाठी अमेरिकन साउंडमधून कॉलम अशी व्यवस्था होती. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० नंतर उघड्यावर लाउडस्पीकर बंद ठेवावा लागतो आणि राज्य सरकारने सवलत दिलेल्या मोजक्या दिवसांतच मध्यरात्रीपर्यंत मुभा असते. आपण १० वाजता कॉलम बंद केले आणि उरलेली दोन गाणी मंडपात नुसत्या पेटीवर झाली. पहिल्या काही रांगांना तेवढे पुरले.

मुंबईहून गणपतीला आलेल्या एका पाहुण्याने कार्यक्रमानंतर पेडलांची किंमत विचारली आणि ऐकून ती पुन्हा विचारली. पेटीची किंमत विचारायचे त्यांच्या डोक्यात आले नाही, आणि आवाजातला मोठा वाटा तर तिचाच होता.

२९ सप्टेंबर २०२४

हिशेब खजिनदारकाकांना सादर केला. ॲम्प ७,५००, ओव्हरड्राइव्ह २,९००, अमेरिकन साउंड ३,६००, स्पीकर ४,२००, पेटी ३,३००, अर्थिंग आणि ब्रेकर २,०००, पुरवठा १,१००. एकूण २४,६०० रुपये. त्यांनी ॲम्पच्या रकमेवर बोट ठेवून विचारले, की आतला स्पीकर वापरायचाच नव्हता तर नवा ॲम्प कशाला. घरच्या सरावासाठी मुले तो स्पीकर वापरतात, हे उत्तर त्यांनी मान्य केले. शिरोड्याच्या मंडळाने यादी मागितली आहे, त्यांना मात्र वेगळा क्रम कळवला आहे: आधी अर्थिंग, मग बारा इंची स्पीकर आणि मरीन प्लायची पेटी, ॲम्प कुठलाही जुना पण ट्रान्सफॉर्मर जड असलेला, आणि पेडल सर्वांत शेवटी, सर्वांत स्वस्त धातूच्या पेटीतले.

पावसाळ्यात कपाटात राहिलेल्या दोन्ही पेडलांचे खटके आज तपासले, खरखर नाही. भुशाच्या फळीची फुगलेली कड काही पूर्ववत होणार नाही. ती कापून तिथे प्लायची पट्टी बसवायची आहे. शिल्लक ४०० रुपयांतून धातूचे जॅक, एक बाटली अल्कोहोल आणि स्टेनलेसचे स्क्रू आणायचे ठरले असून यादी सावंतवाडीला जाणाऱ्याकडे दिली आहे.